विश्रांतीपासून मुलाला कसं वाचवाल?

सगळ्यात आधी पावसाचा बंदोबस्त करा. मुंबईतल्या पोरांच्या क्रिकेटचं आजवर सगळ्यात जास्त नुकसान कोणी केलं असेल, तर ते पावसाने. जून उजाडला की आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क सगळीकडे चिखल. नेटच्या जाळ्या गुंडाळल्या जायच्या आणि चांगली तयार झालेली पोरं तीन-साडेतीन महिने वाया जायची. कांगा लीग होती, १९४८ पासून आहे, भर पावसात वाढलेल्या गवतात खेळतात. पण ती क्लबांची, शाळांची नव्हे. पोरं त्या दिवसांत फुटबॉल खेळायची, जिन्याखाली कॅरम कुटायची, काही तर नुसती लोळायची. पुढे वार्षिक परीक्षा, आणि ती संपली की मे महिना आणि आजोळ. ही सुट्टी कोणी आखून दिलेली नव्हती. सरांनी सांगितली नव्हती, डॉक्टरांनी लिहून दिली नव्हती. पाऊस पडायचा म्हणून मिळायची. असल्या अडाणी व्यवस्थेतून मुंबईने ४२ वेळा रणजी करंडक जिंकला, हा निव्वळ योगायोग समजावा.

आता तशी भीती राहिलेली नाही. पत्र्याची शेड आहे, कृत्रिम गवत आहे, वीज जाईपर्यंत न थकणारं बॉलिंग मशीन आहे. त्यामुळे जून ते सप्टेंबर इनडोअर बॅच. पाऊस ओसरला की शालेय स्पर्धा, जाइल्स शिल्ड, मग हॅरिस शिल्ड. दिवाळीत निवासी शिबिर. डिसेंबर-जानेवारीत कुठल्यातरी माननीयांच्या वाढदिवसाचा चषक. फेब्रुवारीत परीक्षेचा ताण घालवण्यासाठी 'पर्सनल कोचिंग'. एप्रिल-मेमध्ये समर कॅम्प, कारण उन्हात खेळल्याशिवाय स्टॅमिना येत नाही. राहता राहिला गणपती. दीड दिवसाचा असेल तर निभावून जातं. पाच दिवसांचा असेल, तर मधल्या दिवसात आरतीनंतर व्हिडिओ ॲनालिसिस ठेवता येतं.

दुसरं, मुलाला एकच खेळ द्या, आणि त्या खेळातही एकच काम. सहाव्या वर्षी 'हा ओपनर' असं ठरवून टाकलं की पुढची कटकट मिटते. नाहीतर गोंधळ होतो. रोहित शर्मा बोरिवलीच्या शाळेत आला तो ऑफस्पिनर म्हणून. धोनी शाळेत फुटबॉलचा गोलकीपर होता. आपला अजिंक्य रहाणे लहानपणी कराटे शिकून ब्लॅक बेल्टपर्यंत पोचला. किती वर्षं फुकट गेली बघा. सुदैवाने ती मुलं सावरली. तुमचं सावरेलच असं नाही.

कोणी शंका काढली की सचिनचं नाव घ्यावं. हे नाव मैदानाच्या कट्ट्यावर कुठल्याही वादात चालतं. आचरेकर सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एकाच दिवशी जास्तीत जास्त डाव मिळावेत म्हणून. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे आणि शेवटपर्यंत नाबाद राहिला तर ते त्याचं. हे सगळं खरं आहे. म्हणून तुम्हीही मुलाला गाडीत बसवून मैदानं फिरवा. नाण्याच्या जागी टॅब ठेवा, काळ बदललाय. फक्त तेव्हा त्याच मैदानांवर तेवढाच घाम गाळलेल्या बाकीच्या शेकडो मुलांचं पुढे काय झालं, हे कोणाला विचारायला जाऊ नका. त्यांच्यातले काही तुमच्याच कट्ट्यावर, तुमच्याच शेजारी बसलेले असतात. उगाच वाईट वाटेल.

अपेक्षा मात्र काळाप्रमाणे वाढवत नेल्या पाहिजेत. तुमच्या लहानपणी शाळेच्या मॅचमध्ये पन्नास केले तर बाबा बटाटेवडा खायला न्यायचे. आता २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये एकट्या पोराचे ५४६ झालेत, २०१६ मध्ये कल्याणच्या मैदानावर दुसऱ्या एकाचे नाबाद १००९ झालेत. शंभर म्हणजे पस्तीस टक्के, काठावर पास. त्यात बिहारच्या एका पोराला वयाच्या तेराव्या वर्षी आयपीएलच्या लिलावात १ कोटी १० लाख मिळाले आणि चौदाव्या वर्षी त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं. तेव्हापासून आमच्या सोसायटीत बाराव्या वाढदिवसाला केक कापताना बापाच्या चेहऱ्यावर जी चिंता दिसते, ती पूर्वी फक्त तिशी ओलांडलेल्या अविवाहित मुलांच्या आयांच्या चेहऱ्यावर दिसायची.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा एक सल्ला अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत असतो, त्यापासून सावध राहा. ते म्हणतात, आठवड्यातून एक-दोन दिवस खेळाला सुट्टी हवी. वर्षातून एकूण तीन महिने, हवं तर एकेक महिन्याच्या तुकड्यांत, मुलाने त्याच्या मुख्य खेळापासून लांब राहावं. शिवाय क्रीडावैद्यक सांगतं की मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास त्याने आठवड्याला एका खेळाला देऊ नयेत. दहा वर्षांच्या मुलाला आठवड्याला दहा तास! छापताना चूक झाली असावी, 'दिवसाला' म्हणायचं असेल. आणि मुळात तिकडे क्रिकेट कितीसं आहे?

शरीराची भाषा समजून घेणं महत्त्वाचं असतं, म्हणजे वेळेवर दुर्लक्ष करता येतं. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ आल्यासारखं दिसतं, पायऱ्या चढताना पोरगं कठड्याला धरतं, मांडी घालून जेवायला बसत नाही. याला डॉक्टर ऑसगुड-श्लॅटर असं भारदस्त नाव देतात. वाढत्या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं आणि मांडीचा स्नायू धावताना-उड्या मारताना पुन्हा पुन्हा त्याच जागी ओढ देतो, म्हणून ते दुखतं. उपाय विचाराल तर 'थोडे दिवस कमी खेळवा' म्हणतात. यासाठी पैसे मोजून डॉक्टरकडे कशाला जायचं? बाम लावा आणि 'वाढीचं दुखणं आहे' म्हणा. आजीही तेच म्हणेल.

वेगवान गोलंदाज असेल तर कमरेकडे लक्ष असू द्या. कोवळ्या वयात षटकांमागून षटकं टाकली की मणक्याच्या मागच्या भागातल्या बारीक हाडाला तडा जातो. एका दिवसात नाही, चेंडू-चेंडू करत. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने म्हणूनच प्रत्येक वयोगटासाठी एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, किती आणि दिवसाला किती षटकं, याचे आकडे बांधून दिलेत. आपल्याकडे आकडा सरांच्या मनात असतो आणि 'अजून एक टाक, विकेट येतेय' असा सांगितला जातो. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या मुलाचा एमआरआय आला, त्यात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. गृहस्थ रिपोर्ट घेऊन कट्ट्यावर आले ते जवळजवळ आनंदातच. "बुमराला जे झालं होतं ना, सेम तेच!" पेढेच काय ते आणले नव्हते.

गंमत अशी की क्रिकेट मंडळाला मुलांची हाडं कोवळी असतात हे चांगलं ठाऊक आहे. सोळा वर्षांखालच्या संघासाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजतात, टीडब्ल्यू-थ्री म्हणतात त्या पद्धतीने. कोणी वय चोरू नये म्हणून. त्या चाचणीच्या आदल्या रात्री आपल्या मुलाची हाडं अजून वाढायची शिल्लक असू देत, म्हणून बाप देवाला नारळ बोलतो. चाचणी झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच हाडांना पाचच्या लोकलमध्ये चढवतो.

लोकलचा विषय निघालाच म्हणून झोपेचं बोलून घेऊ. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि त्यापुढच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. डोंबिवलीच्या मुलाने हे गणित कसं सोडवायचं ते मात्र सांगत नाहीत. साडेचारला उठायचं, स्वतःच्या खांद्याइतक्या उंचीची किटबॅग घेऊन डब्यात शिरायचं, 'ए किट, बाजूला हो' ऐकायचं (डब्यात मुलाला नाव नसतं, किटच म्हणतात), दोन तास नेट, शाळा, क्लास, जेवण, गृहपाठ, साडेअकरा. यावर उपाय सोपा आहे. झोप हप्त्याने घ्यावी. चौथ्या तासाला भूगोल असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, परतीचा प्रवास. मॅच आझाद मैदानावर असेल आणि घर ठाण्यात, तर नशीब काढलंत. मूल गाडीतून उतरू शकत नाही. मूल सात धावांवर, ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावून स्लिपमध्ये झेल देऊन आलेलं आहे. पॅड अजून पायात आहेत, काढायला सुचलेलं नाही. गाडी सुरू करा आणि फ्रीवेला लागेपर्यंत काही बोलू नका. ती शांतता फार उपयोगी पडते. मग सुरुवात करावी, "तो बॉल सोडायचा होता ना?" मूल म्हणेल, "हो." "मग?" याला उत्तर नसतं, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच विचारायचं. "मी चिडलेलो नाहीये. मी फक्त विचारतोय." हे वाक्य स्टिअरिंग घट्ट धरून म्हणावं. फ्रीवेवर फुटवर्क संपवा, घाटकोपरपर्यंत शॉट सिलेक्शन. विक्रोळीला ट्रॅफिक लागतोच, तिथे 'ॲटिट्यूड' घ्या आणि दुसऱ्या कोणाच्यातरी मुलाचं उदाहरण द्या, शक्यतो जो आज खेळलाच नाही त्याचं. मुलुंड चेकनाक्याला 'तुझ्यासाठी आम्ही काय काय सोडलं'. मूल खिडकीबाहेर बघत असेल तर ते ऐकत नाहीये असं समजू नका. त्याला शब्दन् शब्द पाठ होतोय. पुढच्या डावात ऑफस्टंपबाहेरचा चेंडू आला की त्याला चेंडू दिसायच्या आधी विक्रोळी दिसेल.

घरी पोचल्यावर आई विचारेल, "जिंकलात का रे?" तिला समजावून सांगा की प्रश्न तो नाही.

मुलांच्या मनाची काळजी घेतली पाहिजे हे आता सर्वमान्य झालंय, आपणही मागे राहू नये. आठवड्यात शनिवारची संध्याकाळ तेवढी मोकळी राहिली असेल, तिथे 'मेंटल कंडिशनिंग'चा क्लास लावा. मुलांना सतरंजीवर बसवून डोळे मिटायला सांगतात, मंद संगीत लावतात. दहा मिनिटांत अर्ध्याहून जास्त मुलं ढाराढूर. 'मुलांचा रिस्पॉन्स फार सुंदर आहे,' असं मॅडम पालकसभेत सांगतात, आणि ते खोटं नाही.

मोठ्या खेळाडूंचं मात्र या बाबतीत मुलाच्या कानावर पडू देऊ नका. ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅक्सवेल २०१९ मध्ये मन थाऱ्यावर नाही म्हणून चालू मालिकेतून बाजूला झाला. कोहलीने तर कहर केला. २०२२ च्या आशिया चषकाआधी त्याने जाहीर सांगितलं, की दहा वर्षांत पहिल्यांदाच महिनाभर बॅटला हात लावला नाही, आणि त्याआधी आपण मैदानावरचा जोश उसना आणत होतो. परत आला आणि त्याच स्पर्धेत अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद १२२, जवळजवळ तीन वर्षांनी शतक. याचा संबंध कोणी विश्रांतीशी जोडला तर जोडू देऊ नका. समोर अफगाणिस्तान होतं, एवढंच म्हणायचं. तेव्हा तेहतीस वर्षांच्या कोहलीला महिनाभर बॅट बाजूला ठेवणं परवडलं, कारण त्याला सिलेक्शनची चिंता नव्हती. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्याकडे वेळ कुठे आहे?

काही लक्षणं ओळखून ठेवा. रविवारी सकाळी पोट दुखतं, सोमवारी दुखत नाही. बॅटची ग्रिप सुटलीय हे आठ दिवस सांगत नाही. शून्यावर बाद झाला की रडायचा, हल्ली रडत नाही. पालक याला मॅच्युरिटी म्हणतात. ऑक्टोबरात ढग आले की गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि फोनवर हवामान खात्याचा अंदाज पुन्हा पुन्हा बघतो. सहा वर्षांचा असताना हाच मुलगा पाऊस आला म्हणून खेळ थांबला की भोकाड पसरायचा, हे आईला आठवतं. तिने आठवण काढलीच, तर विषय बदला.

इतकं सगळं नीट पाळलंत, तर साधारण दहावीच्या आसपास निकाल हाती येतो. एके दिवशी मुलगा शांतपणे सांगतो की मला आता नाही खेळायचं. भांडत नाही, दार आपटत नाही. कारण विचारलं तर 'अभ्यास' म्हणतो, कारण या घरात दुसरं कुठलं कारण चालत नाही हे त्याला कळलेलं असतं. खचून जाऊ नका. इंग्लिश विलोच्या दोन बॅट, हेल्मेट, पॅड सगळं ऑनलाईन विकता येतं. जाहिरातीत 'क्वचित वापरलेले' असं तेवढं लिहू नका, हातमोज्यांचा तळवा बघून घेणाऱ्याला कळतं. आणि धाकटी आहेच. सात वर्षांची झाली म्हणजे बॅडमिंटनला तसा उशीरच झालाय, पण तिथले सर घेतात म्हणे सांभाळून. बॅच पहाटे साडेपाचला असते, कोर्ट इनडोअर आहे, पावसाचा प्रश्नच नाही. वर्षाची फी एकरकमी भरली तर एक महिना मोफत मिळतो, तो कुठला घ्यायचा ते आधीच विचारून घ्या. मे नको म्हणावं.