माळ्यावरचा सायलेन्सर

परवा धाकट्या भावाने एक व्हिडिओ पाठवला. डांबरी रस्त्यावर ओळीने मांडलेले, कर्कश आवाजाचे म्हणून जप्त केलेले सायलेन्सर, त्यांच्यावरून सावकाश जाणारा रोड रोलर, बाजूला पोलीस आणि बघ्यांची गर्दी. पुणे, नागपूर, कोल्हापूर, कुठे ना कुठे दर काही महिन्यांनी ही कारवाई होते, त्यामुळे व्हिडिओ कुठला हे मी विचारलंच नाही. खाली त्याने लिहिलं होतं, "दादा, उद्या आपली गाडी धरतील."

आपली गाडी म्हणजे बाबांनी १९९१ मध्ये घेतलेली यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल. एमएच ०९ पासिंग, काळी टाकी, अजूनही एका किकमध्ये चालू होते. तीन वर्षांपूर्वी भावाने तिचा मूळ सायलेन्सर काढून एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे ताकद वाढवणारी फुगीर नळी, बसवला. गाडी वरच्या आरपीएमला झकास उठते हे खरं, पण ती गल्लीच्या तोंडाशी आली की स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, असं आईचं म्हणणं आहे.

मी अकरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. पोर्शे आणि मर्सिडीज, दोघांची मुख्यालयं या एका शहरात आहेत. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हे इथे आल्यावर कळलं तेव्हा उगाच बरं वाटलं होतं.) इथे जेवणाच्या सुट्टीत गाड्यांवरून जे वाद होतात ते ऐकताना मला आमच्या तालमीच्या कट्ट्याची आठवण येते. पोर्शेने १९९७-९८ मध्ये ९११ या आपल्या स्पोर्ट्स कारचं हवेवर थंड होणारं इंजिन बंद करून पाण्यावर थंड होणारं आणलं, आणि माझ्या एका वयस्क सहकाऱ्याला ते अजून सहन झालेलं नाही. त्याच्या लेखी खरी ९११ तिथेच संपली. आमच्याकडे हाच जिव्हाळ्याचा वाद बुलेटवाले आणि यझदीवाले यांच्यात होता. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात, म्हणून ती चालवता येणाराच खरा गडी. यझदीवाल्याला अभिमान कशाचा, तर किक आणि गिअर एकाच दांड्यात असल्याचा. बाबा या दोघांत कधी पडले नाहीत. त्यांना हलकी गाडी हवी होती. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, ताकद अकरा हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलो. टू-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक दर दुसऱ्या फेऱ्याला. पन्हाळ्याचा चढ डबल सीट घेऊनही ती तिसऱ्या गिअरवर चढायची, त्यामागे हे साधं गणित होतं. धूरही त्याच इंजिनाच्या रचनेतून येतो. न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल नळीतून बाहेर पडतं आणि १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली ती वाढत्या प्रदूषण नियमांच्या काळात. गाडीवर माझं प्रेम आहे म्हणून मी हे नाकारणार नाही.

घरच्या ग्रुपवर मात्र अशा व्हिडिओखाली दोनच आवाज असतात. काका लिहितात, पोरांना माज आलाय, गाड्याच जप्त करा. भाऊ आणि त्याचे मित्र लिहितात, ही आमची पॅशन आहे, आम्ही काय चोरी केली? मला या दोन्ही बाजूंचा त्रास होतो. माणसाला कोणती गाडी आवडते आणि तो ती रस्त्यावर कशी चालवतो, या दोन गोष्टी आपण एकाच पोत्यात भरल्या आहेत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. सतरा वर्षांचा मुलगा गाडी चालवत होता असा पोलिसांचा आरोप आहे. ती टायकान होती, इथे श्टुटगार्टलाच बनते. इलेक्ट्रिक असल्यामुळे इंजिनाचा आवाजच नाही. कायमची नोंदणीही झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती. आधी जामीन मिळाला तो तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर. त्या आठवड्यात ग्रुपवर जो संताप उसळला तो माझाही होता. पण त्यातला बराच राग गाडीवर गेला, श्रीमंतीवर गेला, वेगाच्या हौसेवर गेला. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली कशी गेली आणि नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर कशी फिरत होती, हे प्रश्न चार दिवसांत मागे पडले. आणि हळहळ वाटावी अशी गोष्ट म्हणजे रोलर फिरत राहिला तो सायलेन्सरवर.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या कुडाम या हमरस्त्यावर दोघांनी रात्री शर्यत लावली आणि आपल्या रस्त्याने जाणारा ६९ वर्षांचा माणूस त्यात मारला गेला. त्यातल्या एकाची खुनाची जन्मठेप इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम केली. दरम्यान २०१७ मध्ये रस्त्यावर शर्यत लावणं हाच फौजदारी गुन्हा ठरला, तोपर्यंत तो नुसता दंडाचा विषय होता. वेगवान गाडी आवडणाऱ्या लोकांकडे त्यानंतर कुणी संशयाने बघायला लागलं, असं मला दिसलं नाही. शिक्षा कृत्याला झाली.

सगळ्यात जास्त मला बोलावंसं वाटतं ते लायसन्सबद्दल, कारण त्याचा धागा थेट चाकणला जातो. जर्मनीत सोळाव्या वर्षी मुलाला १२५ सीसीपर्यंतची, ११ किलोवॉटची मोटरसायकल चालवता येते. ११ किलोवॉट म्हणजे साधारण पंधरा हॉर्सपॉवर. अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंत. त्यावर दोन वर्षं काढली आणि पुन्हा परीक्षा दिली की मग हवी ती मोठी गाडी. थेट मोठी हवी असेल तर वय चोवीस लागतं. २०११ पासून युरोपातली असंख्य पोरं ज्या केटीएम १२५ ड्यूकवर ही पहिली पायरी चढली, ती बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेली. ३९० ड्यूकसुद्धा तिथलीच, आणि ती बरोबर दुसऱ्या पायरीत बसते. म्हणजे परदेशातला नियम नीट लक्षात ठेवून आपले कामगार गाडी बांधतात, आणि चाकणच्या फाट्यावर राहणारा अठरा वर्षांचा मुलगा मात्र आरटीओच्या मैदानात गिअरच्या कुठल्याही लहानशा गाडीवर इंग्रजी आठचा आकडा काढून दुसऱ्या दिवशी तीच ३९० घेऊन नाशिक रस्त्याला लागू शकतो. त्याच्या वडिलांना नऊ हॉर्सपॉवरच्या गाडीची सवय. त्यांना कळतही नाही की मुलाच्या हातात त्याच्या पाचपट ताकद आहे.

हे जसंच्या तसं आपल्याकडे उचलून आणा असं मी म्हणणार नाही. इथे लायसन्सला दोन-तीन हजार युरो सहज जातात आणि मोटरसायकल ही बहुतेकांची रविवारची हौस असते. आपल्याकडे तिच्यावर दुधाचे कॅन जातात, शाळेत दोन मुलं जातात, अख्खा संसार जातो. म्हणून मर्यादा पंधरा हॉर्सपॉवरवर ठेवावी. स्प्लेंडर, आरएक्स, पल्सर १५० या सगळ्या त्याखाली येतात, पोटापाण्याच्या कुणालाच धक्का लागत नाही. त्यावरच्या गाडीसाठी दोन वर्षांचा अनुभव आणि खऱ्या रस्त्यावरची दुसरी परीक्षा असावी. बुलेटवाले माझ्यावर रागावतील, कारण साडेतीनशेची बुलेट वीस हॉर्सपॉवरची आहे. रागावू देत. पावणेदोनशे किलोच्या वर वजन असलेली गाडी शिकूनच घ्यावी, यात बुलेटचा मानच आहे.

आता आवाज. जर्मन आरसीत यू.१ नावाचा एक रकाना असतो. उभ्या गाडीचा आवाज किती डेसिबल, हे त्यात छापलेलं असतं. पोलिसाकडे मीटर असतो, तो मोजतो, रकान्याशी ताडून बघतो, विषय संपतो. सायलेन्सर बदलायचा असेल तर प्रमाणपत्र असलेला घ्यायचा, गरज असेल तर तपासणी करून कागदावर नोंदवायचा. म्हणजे आवडीला वाट आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण कायदेशीर बदल करायचा तर कुठे जायचं, हे भावासारख्याला कुणी सांगत नाही. आणि चौकात बहुतेक वेळा निकाल हवालदाराच्या कानावर लागतो.

मीटर आला म्हणजे भांडणं मिटतात असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोलने २०२० च्या जूनपासून रॉयटं भागातल्या काही रस्त्यांवर ९५ डेसिबलपेक्षा जास्त नोंद असलेल्या मोटरसायकलींना उन्हाळ्यात बंदी केली. त्यात कंपनीने तशाच विकलेल्या, कागदपत्रं चोख असलेल्या गाड्याही अडकल्या. त्याच वर्षी जर्मनीच्या राज्यांच्या सभागृहाने मोटरसायकलींवर रविवारी बंदी घालण्याची मुभा मागितली आणि जुलैत हजारो मोटरसायकलवाले शहरोशहरी रस्त्यावर उतरले. मी त्यांच्या बाजूचा होतो. पण ब्लॅक फॉरेस्टच्या एका घाटातल्या गावात आम्ही उन्हाळ्यात चार दिवस राहिलो, तेव्हा रविवारी सकाळी नऊपासून खिडकी उघडता येईना, आणि मला गल्लीच्या तोंडाशी येणारी आमचीच आरएक्स आठवली. आईचं म्हणणं मला तिथे पटलं.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आपण खरोखर अन्याय करतो. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली गाडी नंबरपाटीवर 'एच' हे अक्षर मिळवू शकते. मोटरसायकलला वर्षाला ४६ युरोंचा ठरावीक कर, आणि रोज चालवली तरी हरकत नाही. आपल्याकडे २०२१ च्या नियमानुसार 'विंटेज' व्हायला पन्नास वर्षं लागतात. नोंदणीला वीस हजार रुपये, आणि मग ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आमची आरएक्स इथे असती तर २०२१ मध्येच वारसा ठरली असती. कोल्हापुरात तिला २०४१ पर्यंत नुसतं 'जुनं वाहन' म्हणून जगायचं आहे. पिस्टनपासून क्लच प्लेटपर्यंत ज्या हातांनी ती जिवंत ठेवली, त्या शाहूपुरीतल्या मिस्त्रींसारखा माणूस मला इथे कुठल्याही पैशात मिळालेला नाही. इंजिनाला नुसता कान लावून ते सांगायचे, पॉइंट घासलाय. ही विद्या जगवायची तर या गाड्या रस्त्यावर फिरत्या राहायला हव्यात. तीस वर्षांची मर्यादा आणि मोकळं चालवण्याची परवानगी, एवढं झालं तरी खूप.

वेगालाही जागा द्यावी लागेल. इथे लिओनबर्गजवळ जुन्या झोलिट्यूड ट्रॅकच्या रस्त्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस ग्लेमझेक १०१ हा मोटरसायकलींचा मेळा भरत आला आहे. रस्ता बंद करून दोन-दोन गाड्या आठवा हिस्सा मैल, म्हणजे दोनशे मीटर, पळवतात. हजारो लोक कडेला उभे असतात, मुलं बापाच्या खांद्यावर बसलेली असतात. पुण्या-मुंबईची पोरं मोठ्या ट्रॅकसाठी आजही कोइमतूर किंवा चेन्नई गाठतात. ज्या पट्ट्यात एवढ्या गाड्या बनतात, तिथे वर्षातून दोन रविवार एखादा रस्ता बंद करून देणं सरकारला अवघड नाही.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, नियम बदलतील तेव्हा बदलतील. पुढच्या महिन्यात गाडीचं फेरपासिंग आहे. त्यापुरता जुना सायलेन्सर लावतो." बाबांनी तो पोत्यात गुंडाळून, ऑइल लावून माळ्यावर ठेवलाय, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, पासिंगपुरता नको, कायमचा लाव, एच पाटी मागायची तर गाडी आधी मूळ रूपात हवी. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आईशी बोल," आणि फोन तिच्याकडे दिला.