‘कला रक्तातच असावी लागते’ या मेसेजला माझं उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर पण आला. मेसेज थोडक्यात असा: कला रक्तातच असावी लागते, शिकून येत नाही. लहानपणी दिसली नाही तर पुढे काही होत नाही. खरा कलाकार मूड लागल्याशिवाय ब्रश उचलत नाही. दुसऱ्याचं बघून काढणं म्हणजे चोरी. आणि ज्यातून नाव किंवा पैसा मिळत नाही तो नुसता टाइमपास. खाली सगळ्यांचे अंगठे. मला खूप वाईट वाटलं वाचून, कारण याच समजुतीपायी माझी २८ वर्षं गेलीत.

आधी रक्ताचं बघू. मी सातवीत एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला बसायची तयारी करत होते, वस्तुचित्राच्या तासाला समोर तांब्या ठेवलेला, आणि माझा तांब्या काही केल्या टेबलावर बसेना, हवेत तरंगल्यासारखा दिसायचा. तेव्हाच्या शिक्षकांनी वही उचलली, सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, हिच्या हातातच नाहीये ते. परीक्षा कशीबशी दिली, पण पुढच्या इंटरमिजिएटचा फॉर्म काही भरला नाही. पुन्हा पेन्सिल घेतली ती एकदम ४१ व्या वर्षी, एका रविवारच्या क्लासला, मैत्रिणीला सोबत म्हणून गेले होते. तिथल्या ताईंनी परत तांब्याच ठेवला समोर! माझं चित्र बघून त्या एवढंच म्हणाल्या, तोंडाचा गोल तू लंबगोल काढलायस, मग बूड सरळ रेषेत का? आपल्या डोळ्याच्या जितकं खाली जाशील तितका तो गोल जास्त उघडा दिसतो, त्यामुळे बुडाचा बाक तोंडापेक्षा जास्त गोलाई घेतो. मी खोडून तसं काढलं आणि तांब्या टेबलावर बसला. दोन मिनिटं लागली. म्हणजे जी गोष्ट माझ्या ‘हातात नव्हती’ ती मला कोणी सांगितलीच नव्हती, इतकंच होतं ते.

आणि चित्रकलेत असल्या सांगण्यासारख्या गोष्टी खूप आहेत. हात लांब करून पेन्सिलवर अंगठ्याने माप घ्यायचं, डोळे बारीक केले की बारकावे जातात आणि नुसता उजेड आणि सावली उरते, खुर्ची जमत नसेल तर खुर्चीच्या पायांमधल्या रिकाम्या जागेचा आकार काढायचा. हे सगळं शिकवता येतं आणि येतंच. काही मुलांना लवकर जमतं, काहींना उशिरा, ते मी नाकारत नाही, सगळेच काही मोठे चित्रकार होणार नाहीत. पण मेसेज तसं म्हणत नाही ना, मेसेज म्हणतो सुरूच करू नका.

वयाचं तर सरळच आहे. रवींद्रनाथ टागोरांचा जन्म १८६१ चा. १९२४ मध्ये ते अर्जेंटिनात होते, तेव्हा कवितांच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना रेघा जोडून जोडून त्यांचे आकार करायचे, आणि तिथून ते चित्रांकडे वळले. वय ६३. चित्रकलेचं रीतसर शिक्षण काही नाही. १९३० मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन झालं, आणि जाईपर्यंत दोन हजारांच्या वर चित्रं काढली त्यांनी. व्हॅन गॉगने चित्रकारच व्हायचं ठरवलं ते १८८० मध्ये, २७ व्या वर्षी, त्याआधी चित्रं विकणाऱ्या दुकानात नोकरी करून झाली होती, मास्तरकी झाली होती, धर्मप्रचार करून झाला होता. पुढची जेमतेम दहा वर्षं मिळाली त्याला.

आणि त्या दहा वर्षांची सुरुवात त्याने कशाने केली? कॉपीने. शार्ल बार्ग नावाच्या माणसाने विद्यार्थ्यांसाठी केलेले चित्रांचे तक्ते असायचे, ते तो एकामागून एक उतरवत बसायचा. बरं, नवशिका होता म्हणून केलं असंही नाही, शेवटच्या वर्षात रुग्णालयात असताना मिले या चित्रकाराची शेतकऱ्यांची चित्रं समोर ठेवून त्याने परत स्वतःच्या रंगात केली. आपल्याकडे गाण्यात तर तालीम म्हणजेच हे, गुरू म्हणतो तसंच्या तसं म्हणायचं, वर्षानुवर्षं, आणि त्याला कोणी चोर म्हणत नाही. दुसऱ्याचं चित्र उतरवून खाली आपली सही ठोकणं ही चोरी, तिथे मी मेसेजच्या बाजूने आहे. पण वहीत शिकण्यासाठी उतरवलं तर त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मूडच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं, त्या शेतात आणि घरात राबताना, जात्यावर बसून गाणी रचायच्या, आणि मुलगा सोपानदेव ती उतरवून घ्यायचे, म्हणून आज आपल्याकडे आहेत. मूडची वाट बघायला त्यांना कोण देणार होतं वेळ, पहाटे दळण तर व्हायलाच पाहिजे. यावर कोणी म्हणेल की अहो त्या बहिणाबाई होत्या, उपजत प्रतिभा. बरं. मग हे बघा, हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या, एक लाखाच्या वर ओव्या, हजारावर गावांतून, तीन हजारांहून जास्त बायकांनी गायलेल्या. एवढ्या सगळ्या जणींच्या काय रक्तात होतं का? त्यांच्या कानावर लहानपणापासून ओवी पडत होती, हाताला जातं होतं आणि रोजची वेळ ठरलेली होती. मी स्वतः रात्री भांडी आवरून झाली की वीस मिनिटं ओट्यावरचं काहीतरी काढते, लसूण, लिंबू, कुकरचं झाकण, आणि मन लागतं ते काढायला लागल्यावर दहाव्या मिनिटाला, आधी कधीच नाही.

राहिला टाइमपास. डहाणूकडे वारली घरांत लग्न असलं की सवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढायच्या, त्यात पालघाट देवी, आणि खाली कोणाचंही नाव नाही. त्याचे पैसे नव्हते, प्रदर्शन नव्हतं, पण त्याशिवाय लग्न लागत नव्हतं. जिव्या सोमा म्हसेंनी १९७० च्या दशकात ते लग्नाच्या भिंतीवरून रोजच्या कागदावर आणलं, २०११ ला पद्मश्री मिळाली, ती मिळाली हे चांगलंच झालं. पण त्याआधी ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या तो चौक जपला त्या काय टाइमपास करत होत्या?

त्या मेसेजखाली घरच्या ग्रुपवर माझ्या मावशीने लिहिलं होतं, “खरंय, आपल्याला कुठे येतं.” ही मावशी गेली पन्नास वर्षं रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढते, पट्टी न लावता, ठिपके इतके सरळ की वहीत छापल्यासारखे. मी ग्रुपवर वाद घातला नाही, तिला एक कोरी वही आणि दोन पेन्सिली पाठवल्या. परवा तिने फोटो पाठवला, कपबशी काढलेली, कप छान, बशी जरा कललेली. मी फोन करून लंबगोलाचं सांगितलं. ती म्हणाली, “थांब, ठेव फोन, परत काढते.”