चार तासांची धावपट्टी आणि आमची गल्ली

सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला: ‘बॉम्बने फुटलेली धावपट्टी लष्कर चार तासांत काँक्रीटने पक्की करतं. मुंबईत रस्त्याला महिना! कारण एकच, खाबूगिरी.’ खाबूगिरीची वकिली मी करणार नाही. पण बाकीचं वाक्य तपासू.

‘चार तासांत’. दोन-चार तासांत विमान पेलणारं काँक्रीट असतं, हे खरं. कॅल्शियम सल्फोअल्युमिनेटसारख्या सिमेंटमुळे ते जमतं. मात्र ते काही मिनिटांतच आवळायला लागतं, म्हणून जागेवरच कालवतात. हा माल मिक्सरमधून साकीनाक्याच्या ट्रॅफिकमधून आणून बघा, ड्रममध्येच दगड होईल. शिवाय ओतण्याआधी न फुटलेले बॉम्ब हुडकायचे, उचकटलेल्या कडा कापायच्या, खड्ड्यात खडी भरून ठोकून बसवायची. खरी मेहनत तिथेच असते. खडी नीट दबली नाही तर वरचं काँक्रीट कितीही भारी असो, खचणारच.

‘काँक्रीटने’. नेहमी नाही. दाबलेल्या खडीवर ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरग्लासच्या चटया अंथरूनही विमानं उडवतात. आणि १९७१ मध्ये गुजरातमधल्या भुजची धावपट्टी शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी दुरुस्त केली, ती ७२ तासांत. युद्ध चालू होतं तरी!

‘पक्की’. अजिबात नाही. अख्खी धावपट्टी कुणी करत बसत नाही. लढाऊ विमानापुरती साधारण १५ मीटर रुंद, दीड किलोमीटर लांब पट्टी मोकळी करतात. ती ठरावीक उड्डाणांपुरती. गल्लीतला रस्ता वीस-पंचवीस वर्षं टिकावा अशी आपली अपेक्षा असते.

‘मुंबईत जमत नाही’. आपल्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. २०१९ मध्ये त्या छेदावरचं काम ७ फेब्रुवारी ते ३० मार्च चाललं: मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ५. पाचनंतर विमानं सुरू. घाईचं काम इथेही होतं, फक्त थोडं थोडं. महापालिकेनेही २०२२ च्या पावसाळ्यात खड्ड्यांसाठी लवकर घट्ट होणारं काँक्रीट वापरून पाहिलं होतं.

साध्या काँक्रीटची मजबुती २८ दिवसांची मोजतात, सुरुवातीचे दिवस त्यावर गोणपाट ओलं ठेवायचं. आमच्या गल्लीचे २८ दिवस कधीच भरले. ती अजून बंद आहे, कारण गटाराच्या चेंबरची झाकणं यायची आहेत.