मशीन आधी, नियम मागाहून

नवीन काही आलं की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते क्रांती झाली, दुसरी म्हणते समाज बिघडला. मला दोन्हीकडचं पटत नाही. मशीन येतं एका झटक्यात, ते कसं वापरायचं ह्याचे नियम मात्र उशिरा येतात आणि सगळा राडा होतो तो मधल्या काळात.

युरोपात छापखाना सुरू करणाऱ्या गुटेनबर्गचंच घ्या ना. छापखाना आला आणि ज्ञान घरोघरी पोचलं असं आपण वाचलेलं असतं, पण १४५४-५५ ला त्या नव्या छपाईत सुरुवातीलाच काय निघालं, तर चर्चची पापमुक्तीची पत्रं! नावाची जागा कोरी, पैसे भरा आणि नाव घाला, म्हणजे चक्क फॉर्मच. चर्चची तर सोयच झाली. पुढे १५१७ ला ह्याच पत्रांच्या विक्रीवरून मार्टिन ल्यूथर हा जर्मन धर्मगुरू भडकला आणि त्याचं म्हणणं काही महिन्यांत जर्मनीभर पसरवलं तेही छापखान्यांनीच. मधल्या काळात चेटकिणी कशा ओळखायच्या, त्यांच्यावर खटले कसे चालवायचे ह्याचं पुस्तकसुद्धा निघालं आणि पुन्हा पुन्हा छापलं गेलं (हे मात्र क्रांतीवाले कधी सांगत नाहीत). मशीनला काय, शाई लावली की छापतंय. आणि पुस्तकावर लेखकाचा हक्क मानणारा ब्रिटनचा कायदा आला थेट १७१० मध्ये.

रेडिओचं उलट झालं, तिथे राडा झाला आणि नियम पटकन आला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडत होतं तेव्हा जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ नावाच्या जहाजावर वायरलेसवाला एकटाच, तो सेट बंद करून झोपलेला. रात्रभर कुणीतरी ऐकत बसलंच पाहिजे असा नियमच नव्हता! वर दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर सगळे प्रवासी सुखरूप, जहाज ओढून आणतायत. हवेत इतके मेसेज एकमेकांत मिसळत होते की खरंखोटं कळायला मार्ग नाही. सुमारे १५०० माणसं गेली आणि मग चार महिन्यांत अमेरिकेत रेडिओच्या लायसन्सचा कायदा झाला. माणसं मेली की फाईल पटकन हलते, दुसरं काय.

व्हॉट्सअॅप २००९ चं, एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जगभर लागली २०१९ ला. आता एआयने कुणाचाही आवाज काढता येतो. एआय चांगलं की वाईट ह्यावर रोज भांडणं चाललीयत, पण त्याचे नियम कोण लिहितंय, कंपन्या की सरकारं, हे कुणी विचारताना दिसत नाही.