ताई, मटण चिवट होतं हे खरं. शेळी म्हातारी होती हे नाही

नमस्कार ताई,

आखाडातल्या शेवटच्या रविवारी तुम्ही सोलापुरात आमच्या गाडीवरून दोन किलो मटण नेलंत आणि एक तारा देऊन लिहिलंत की आठ शिट्ट्या झाल्या तरी चिवटच, तुकडे बारके, हाडं जास्त, चरबी नावालाही नाही, भाव चौकातल्या दुकानापेक्षा 120 रुपयांनी चढा, आणि उस्मानाबादी बोकड सांगून म्हातारी शेळी गळ्यात मारली. वर पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागली. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी त्या दिवशी काय झालं ते नीट तपासायचं होतं.

चिवट होतं. चूक आमची, त्यातही माझी.

एरवी आम्ही कापलेलं धड लगेच थंडीत घालत नाही. खोली 15 अंशांवर ठेवून आठ-दहा तास टांगतो, मग 4 अंशांच्या खोलीत नेतो, आणि पूर्ण एक दिवस गेल्याशिवाय सुरी लावत नाही. म्हणून रविवारचा माल शुक्रवारी रात्रीच कापलेला असतो. गटारीच्या त्या आठवड्यात मागणी दुपटीवर गेली. शनिवारी रात्री आणखी सहा बोकड कापले, जागा नव्हती म्हणून धडं थेट 4 अंशांत टांगली आणि सकाळी तुकडे करून गाडीत भरले. भाऊ नको म्हणत होता. मी म्हटलं, एवढ्या गर्दीत कोण बघतंय. तुम्ही बघितलंत.

जनावर कापल्यावरही त्याचा स्नायू काही तास आत शिल्लक असलेला साठा वापरत राहतो. त्यातून आम्लता वाढते, मग स्नायू ताठरतो, आणि पुढे हळूहळू सैल पडतो. हे व्हायच्या आधीच मांस दहा अंशांच्या खाली उतरलं, तर स्नायू आखडून बसतो. मग कितीही शिट्ट्या करा. मोठ्या, चरबीचं जाड पांघरूण असलेल्या धडात थंडी शिरायला वेळ लागतो. आमचं धड दहा-अकरा किलोचं, वर चरबीचा पापुद्रा. ते बघता बघता गार होतं. लहान जनावराचं मटण विकायचं तर घाई परवडत नाही, हे मला माहीत होतं, तरी केली.

आता म्हातारी शेळी. हे मात्र मी मान्य करणार नाही. आमचे बोकड नऊ-दहा महिन्यांचे असतात. शेळी-बोकडाचे पहिले दोन दुधाचे दात पडून पक्के यायला साधारण वर्ष-सव्वा वर्ष लागतं. आमच्याकडून मुंडी नेणाऱ्या कुणालाही विचारा, दोन दाती जनावर कधी मिळालं का ते. शिवाय आमचे बोकड दोन-अडीच महिन्यांचे असतानाच चिमट्याने खच्ची केलेले असतात, म्हणून रस्सा उकळताना तो बोकडाचा उग्र वास येत नाही. तुमच्या तक्रारीत सगळं होतं, वासाबद्दल एक शब्द नव्हता.

तुकडे बारके, कारण जनावरच बारकं. उस्मानाबादीचा पूर्ण वाढलेला नर सरासरी 34 किलोच्या आसपास भरतो, मादी 32. आम्ही कापतो तो 23-24 किलोचा. त्याचं रान, म्हणजे मागची मांडी, तुमच्या चौकातल्या दुकानात टांगलेल्या रानाएवढं कुठून दिसणार? आणि चरबी म्हणाल, तर शेळीच्या जातीत ती मांसात मुरत नाही, गुरद्याभोवती आणि आतड्याच्या पडद्यावर साठते. ती हवी असेल तर मागा, फुकट देतो. बरेच जण काळ्या तिखटाच्या रश्श्यात तर्री यावी म्हणून नेतातच.

कुणीतरी तुमच्या रिव्ह्यूखाली लिहिलंय की आम्ही बोअर पाळावी, मांस दुप्पट मिळेल. बोअर दक्षिण आफ्रिकेची जात, तिचा मोठा नर शंभर किलोच्या पुढे जातो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती आपल्याकडे आणून तिच्यावर मोठं काम केलंय, त्याबद्दल आदरच आहे. आम्हीही दोन वर्षं संकर करून बघितला. करडं झपाट्याने वाढली, पण त्यांना खुराकही तसाच लागला. तुळजापूरच्या आमच्या माळावर बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, शेवरी आणि तुरीचं भुसकट एवढ्यावर भागवायचं असतं. पाऊस दगा देतो त्या वर्षी तेही विकत. काळी उस्मानाबादी यावर जगते, जुळी देते, आणि दोन वर्षांत तीनदा विते. आमच्याकडे 22 शेळ्या आहेत, आई आणि वहिनी दोघींच्या हाताखाली. मोठ्या हाडाच्या 22 शेळ्या या रानात पोसायच्या तर आम्हाला कर्जच काढावं लागेल.

भावाचं थोडक्यात. चौकातला खाटीक बाजारातून जनावर आणतो आणि त्याच दिवशी विकतो, त्यात वावगं काही नाही. आम्ही करडू जन्मापासून सांभाळतो, पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसी टोचतो, जंताचं किंवा दुसरं औषध दिलं की त्याचा अंश अंगातून जाण्याची मुदत उलटेपर्यंत कापत नाही, शिवाय एक दिवस थंड खोलीचं वीजबिल भरतो. 120 रुपये त्याचेच आहेत. अर्थात तुम्हाला दिलेल्या मालात ती थंड खोली नीट वापरलीच नव्हती, तेव्हा ते पैसे तुमच्याकडून घेणं चूकच होतं.

दोन्ही किलोंचे पूर्ण पैसे परत करतो, पावतीवरच्या नंबरावर एक मेसेज टाका. त्या शनिवारच्या सहा बोकडांचा माल नेलेल्या बाकीच्यांनाही आम्ही स्वतःहून फोन करतोय. तेरा घरं झाली, चार राहिलीत. इथून पुढे मागणी कितीही आली तरी शुक्रवारी रात्री टांगलेला माल संपला की गाडी परत फिरेल. तारा एकच राहू द्या, तुमच्या पाहुण्यांच्या ताटात गेलं ते एकाच ताऱ्याचं होतं.

परवा याच धाग्यावर कुणी बोल्हाईचं मटण मिळेल का असं विचारलंय: नाही, ते मेंढीचं असतं, आमच्याकडे मेंढ्या नाहीत.

श्रावणात गाडी येत नाही. गणपती उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पुन्हा सुरू करू. तुम्ही म्हणालात तर चॉप आणि नळी तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, पण मुंडी हवी असेल तर बुधवारपर्यंत कळवा, तिची गिऱ्हाइकं ठरलेली असतात.