शिफारसपत्र नको, तासिका द्या

बारावीच्या निकालाच्या सुमारास महाराष्ट्रात इंटिग्रेटेड कॉलेजांवर वाद रंगतो. नाव ज्युनिअर कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये. मग बायोमेट्रिक हजेरीची मागणी होते. पण पुढच्या प्रवेशाची वाट मुलाला कोण दाखवणार? इंग्लंडमधून पाहताना हीच उणीव जास्त खुपते.

इथे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत हे शिक्षकाचं काम असतं, वेळापत्रकात धरलेलं. यूकास म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची इथली केंद्रीय अर्जव्यवस्था. तिच्या एका अर्जात पाच पर्याय; त्यांतले वैद्यकीयचे फार तर चार. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयची मुदत १५ ऑक्टोबर, म्हणून मुलांकडून अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या निवेदनाचा कच्चा खर्डा उन्हाळी सुट्टीआधीच लिहून घेतात. शिक्षकाच्या शिफारसपत्राला तीन भाग असतात. दुसऱ्यात घरची परिस्थिती येते: आईचं आजारपण, मध्येच बदललेली शाळा. मुलं हे आपणहून सांगत नाहीत, कुणीतरी विचारावं लागतं. ऑगस्टमध्ये निकाल घसरला तर क्लिअरिंगसाठी, म्हणजे उरलेल्या जागांवरच्या प्रवेशासाठी, विद्यापीठाला फोन मुलानेच करायचा. शिक्षक शेजारी बसतो, समोर अर्ज क्रमांक, गुण आणि पर्यायी अभ्यासक्रमांची यादी.

मात्र इथले प्रवेश बहुतेक वेळा शिक्षकाने वर्तवलेल्या ग्रेडवर देऊ केले जातात आणि त्या ग्रेड अनेकदा प्रत्यक्षापेक्षा चढ्या निघतात. आपली सीईटीची गुणवत्ता यादी इथे सरस आहे. तिच्यात कुणाची मर्जी चालत नाही. ती सोडू नये.

आपल्याकडे घोडं अडतं ते कागदांवर. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत जायला हवा; निकालानंतर धावाधाव करून उपयोग नसतो, समितीकडे महिने जातात. नॉन-क्रीमी लेअरची नुसती पावती जोडली आणि मूळ प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही, तर मूल खुल्या प्रवर्गात ढकललं जातं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क २०२४-२५पासून माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली.

सगळ्यात महाग पडतो पसंतीक्रम. ‘हातचं तरी जाऊ नये’ म्हणून सहज मिळणारं कॉलेज पहिलं टाकतात. ते पहिल्याच फेरीत मिळतं, जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम होते आणि पुढच्या फेऱ्या बंद. क्रम आवडीनेच लावावा. वरचं कॉलेज हुकलं म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. हे एवढं समजावून सांगायला वीस मिनिटं पुरतात, पण आज फॉर्म सायबर कॅफेत भरला जातो आणि मागे रांग उभी असते.

जे शिक्षक हे करतात ते स्वतःचा वेळ मोडून करतात. अकरावी-बारावीला आठवड्यातून एक तासिका यासाठी ठेवावी, एका शिक्षकाकडे तीसच मुलं द्यावीत आणि ती तासिका कार्यभारात मोजावी. अकरावीच्या पहिल्या महिन्यातच प्रत्येकाचे दाखले तपासून व्हावेत. कॅपसाठी सुट्टीत थांबणाऱ्या शिक्षकाला तितक्या दिवसांची अर्जित रजा मिळावी.