‘आम्ही काय मेलो का?’ म्हणणाऱ्यांना

“शाळेत आम्हालाही चिडवायचे, बदडायचे. आम्ही काय मेलो का? उलट त्यानेच कणखर झालो. आजची मुलंच नाजूक. रडत आलं तर सांगा, एक ठेवून दे!” हा मजकूर माझ्याकडे चारदा आला. पाठवणारी माणसं वाईट नाहीत, म्हणूनच उत्तर देतेय.

‘चिडवायचे’ या शब्दापासूनच गफलत सुरू होते. थट्टेत पाळी बदलते, आज तुझी तर उद्या माझी. छळात ती बदलत नाही. मुद्दाम, पुन्हा पुन्हा आणि ज्याला उलटून काही करता येत नाही अशालाच, ही छळाची खूण डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी केव्हाच सांगून ठेवली आहे.

‘कणखर झालो’? ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा मागोवा पन्नाशीपर्यंत घेतला गेला. वयाच्या ७ व्या आणि ११ व्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात ५० व्या वर्षीही मानसिक त्रास जास्त आढळला. घरची परिस्थिती हिशेबात धरूनही. ४५ व्या वर्षी त्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे शरीरातल्या दाहाची खूण, वाढलेलं होतं. पस्तीसेक वर्षं उलटली तरी शरीर विसरलं नव्हतं.

‘मेलो का?’ हा प्रश्न तर विचारूच नये. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीला तीन मुलांनी जीव दिला. छळ हेच कारण असावं, असं दिसल्यावर १९८३ मध्ये सरकारने देशभरच्या शाळांत मोहीम हाती घेतली.

आणि नाजूक कोण? माझ्या ओळखीतल्या चौथीतल्या एका मुलीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. आईला वाटायचं, विसरते. खरं तर ती पाणी पीतच नव्हती, कारण प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि तिला छळणाऱ्या तिघी तिथेच गाठायच्या. सकाळी पोट दुखायचं, सुट्टीत नाही. सगळ्यांना ते नाटक वाटलं. सहा तास तहान दाबून बसणारं पोर मला तरी नाजूक वाटत नाही.

‘एक ठेवून दे’ हे तिला कसं सांगणार? समोर तिघी. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवरच्या निरीक्षणांत असं दिसलं, की दुसरं एखादं मूल मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. हिच्या बाबतीतही वर्गातल्या दोघी बरोबर जायला लागल्या, तेव्हा बाटली रिकामी येऊ लागली. पोटदुखी अजून पुरती गेलेली नाही.